काम संपण्याआधीचा विसावा

आजचे वाचन : मार्क ६:३०-५१

येशूने बारा शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने गावोगाव पाठवले होते. ते परत आले आणि काय काय केले, काय काय शिकवले ते सगळे त्याला सांगू लागले. भोवती माणसांची इतकी ये-जा चालली होती की दोन घास खायलाही सवड नव्हती, असे मार्क लिहितो. येशूने त्यांचे ऐकून घेतले आणि एकांतात चला आणि थोडी विश्रांती घ्या, असे त्यांना सुचवले. आजारी माणसे संपली नव्हती, जमाव पांगला नव्हता, कितीतरी गावे अजून राहिली होती. तरी विसाव्याचा विषय त्यानेच काढला, आणि तोही शिष्यांनी मागण्याआधी.

आपण विसावा नेहमी कामाच्या पलीकडे नेऊन ठेवतो. मुलीची दहावी होऊ दे, घराचे हप्ते फिटू देत, मार्चअखेरची धावपळ एकदा आटपू दे, मग निवांत प्रार्थनेला बसू. दहावीमागोमाग बारावी येते. हप्ते फिटतात तोवर गुडघे दुखू लागलेले असतात. काम संपण्याची वाट पाहत बसलो तर आयुष्य संपेल, काम संपणार नाही. हे ओळखून प्रभू भर कामातच आपल्याला बोलावतो.

शिष्य होडीने निघाले. गालील सरोवर उत्तर-दक्षिण सुमारे २१ किलोमीटर आणि जास्तीत जास्त रुंद आहे तिथे १३ किलोमीटर. १९८६ साली दुष्काळाने त्याचे पाणी ओसरले, तेव्हा गिनोसरजवळ काठच्या चिखलात येशूच्या काळातली एक होडी सापडली. लांबी साधारण ८ मीटर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. तिच्यात निरनिराळ्या झाडांच्या लाकडाचे तुकडे जोडलेले आहेत. मिळेल त्या लाकडाने कोणीतरी ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करून वापरली असावी. अशाच एखाद्या होडीत येशू आणि बारा शिष्य दाटीवाटीने बसले असतील.

लोकांनी त्यांना जाताना ओळखले. काठाकाठाने धावत ते पुढे पोहोचले, आणि येशू उतरला तो थेट गर्दीत. ज्यांना कोणी वाली नाही अशी ती माणसे पाहून त्याला कळवळा आला. तो त्यांना शिकवत राहिला. संध्याकाळी पाच हजार पुरुषांना पंगतींत बसवून वाढायचे काम शिष्यांच्याच अंगावर आले.

मग त्यांना विश्रांती मिळाली की नाही? मला वाटते, मिळाली. या काठापासून त्या काठापर्यंत कोणी त्यांना हाक मारू शकत नव्हते, कोणी काही मागू शकत नव्हते, आणि येशू त्यांच्या शेजारी बसला होता. ठरवली होती त्याच्या मानाने ती विश्रांती फार थोडी निघाली, पण ती त्याच्या सहवासात मिळाली. प्रभू आपल्याला देतो तो विसावाही पुष्कळदा एवढाच असतो. आपल्याला आठवडाभराचे रिट्रीट हवे असते, म्हणून हाती आलेली वीस मिनिटे आपण विसाव्यात धरतच नाही.

आमच्या वसई भागातल्या कितीतरी जणांची होडी म्हणजे चर्चगेटची लोकल. महिलांच्या डब्यात एक बाई मला बरेचदा दिसतात. जेवणाचा डबा पिशवीत, पिशवी मांडीवर आणि उजवा हात ओढणीच्या आत. नायगाव सुटून गाडी खाडीच्या पुलावर आली की खिडकीतून खारा वारा येतो. त्या डोळे मिटतात. ओढणीआड त्यांचा अंगठा जपमाळेच्या एका मण्यावरून दुसऱ्यावर सरकताना दिसतो. भाईंदरला डब्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. कोणाची तरी पर्स त्यांच्या खांद्यावर आपटते. अंगठा थबकतो, बाई थोड्या सरकून बसतात, आणि अंगठा पुढच्या मण्याकडे जातो. उतरल्यावर त्यांना रुग्णालयात पूर्ण पाळी उभ्याने काढायची असते. त्यांच्यापाशी मोकळा वेळ नाही, शांत जागाही नाही. मिळालेला प्रवास त्यांनी देवाला देऊन टाकला आहे.

प्रत्येकाच्या दिवसात असा काही वेळ असतोच. रिक्षाच्या रांगेतला, कुकरची शिट्टी होईपर्यंतचा, क्लासबाहेर मुलाची वाट पाहतानाचा. या वेळात हात आपसूक मोबाइलकडे जातो. मन त्यात गुंतते, पण शीण उतरत नाही. उलट आणखी दहा जणांच्या काळज्या डोक्यात शिरतात. त्यापेक्षा शिष्यांनी होडीत बसण्याआधी केले ते करावे. झाले गेले सगळे प्रभूला सांगावे. साहेब काय बोलले, आईचा रिपोर्ट काय आला, कोणाचा राग मनात राहिला आहे, हे जसेच्या तसे सांगावे. त्यासाठी भाषा सजवायला नको. सांगून झाले की थोडा वेळ काहीच मागू नये, नुसते त्याच्याजवळ बसावे.

पण सवडीच्या वीस मिनिटांवर सगळे भागवता येत नाही. आठवड्यातला एक दिवस देवाने आज्ञा करून राखून ठेवला आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात ती आज्ञा सावकाश वाचावी. विश्रांती कोणाकोणाला द्यायची याची तिथे यादीच आहे. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परकासुद्धा. कारणही सांगितले आहे. तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. फारोने इस्राएली लोकांना पेंढा देणे बंद केले होते आणि विटांची संख्या मात्र तेवढीच ठेवली होती. ज्याने असे दिवस काढले, त्याने दुसऱ्याला तसे राबवू नये, हे या आज्ञेचे मर्म आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी सहज मिळाली नव्हती. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा कुठे जून १८९० मध्ये गिरणीमालकांनी ती मान्य केली. लोखंडे ख्रिस्ती नव्हते. पण मोशेच्या आज्ञेतल्या यादीत जे राबणारे आहेत, तशाच राबणाऱ्या माणसांसाठी ते झटले. रविवारी चर्चला जाताना त्यांची कृतज्ञतेने आठवण ठेवावी असे मला मनापासून वाटते.

आता आपल्याच घरातला रविवार पाहू. मिस्साहून परतल्यावर एक जण वर्तमानपत्र उघडतो, मुले टीव्हीसमोर बसतात, आणि घरातली बाई साडी बदलून तडक ओट्यापाशी जाते. मटणाचे वाटण, भाकऱ्या, दुपारी येणारे पाहुणे, मग खरकटी भांडी. चार वाजता ती जरा टेकते तोच कोणीतरी चहा मागतो. प्रवचनात विसाव्याचा संदेश तिनेही ऐकलेला असतो, पण तिच्या वाट्याला मात्र तो येत नाही. एकाचा विसावा दुसऱ्याच्या थकव्यावर उभा असेल, तर आपण ती आज्ञा पाळली असे म्हणता येणार नाही.

त्या संध्याकाळी येशूने काय केले पाहा. सगळे जेवल्यावर त्याने शिष्यांना होडीत बसवून पुढे पाठवले आणि जमावाला निरोप देण्याचे काम स्वतःकडे ठेवले. दिवसभर तोही उभाच होता. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाच्या वधाची बातमी ऐकून तो तिकडे एकांतात निघाला होता, असे मत्तय सांगतो. थकवा होता, दुःखही होते. तरी त्याने आधी दुसऱ्यांना मोकळे केले, आणि मग डोंगरावर जाऊन एकटा पित्याशी बोलत राहिला. रात्री वारा उलटा फिरला, शिष्य वल्ही मारून मारून दमले, तेव्हा तोच पाण्यावरून त्यांच्याकडे चालत आला आणि त्यांच्या होडीत चढला.

प्रभू येशू, आम्ही दमलो आहोत हे आम्ही सांगण्याआधीच तुला ठाऊक आहे. आमच्या धावपळीत तू आमच्याजवळ बस. आमच्यासाठी राबणाऱ्यांचा थकवा आम्हाला दिसू दे. आमेन.

आज दोन गोष्टी ठरवू या. रोजच्या येण्याजाण्यातली काही मिनिटे मोबाइल बंद ठेवून प्रभूपाशी बसू. आणि येत्या रविवारी घरात जी कधीच बसत नाही, तिला बसवून तिच्या हातातले काम आपण करू. घरी कामाला बाई येत असतील, तर त्यांनाही आठवड्याची हक्काची सुट्टी देऊ, पगार न कापता.