प्याद्याला मागची वाट नाही

सज्जनहो, बुद्धिबळाचा पट काही आपणांस परका नाही. देवळाच्या ओट्यावर दोघे खेळताहेत आणि सहाजण चाली सांगताहेत, हे दृश्य कोणी पाहिले नाही? पाठशाळेत अमरकोश घोकताना हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे आम्ही पाठ केली. तेच चतुरंग पटावर मांडलेले. त्यातले पायदळ म्हणजे प्यादी, एकेका बाजूला आठ. नवशिका त्यांना खर्चायची चिल्लर समजतो. आम्हीही समजत होतो.

फ्रान्स देशात फिलिदोर नावाचा खेळाडू होऊन गेला. पेशाने संगीतकार, म्हणून आम्हांस जरा आपलेपणा वाटतो! त्याने 1749 साली ग्रंथ छापून ठासून मांडले की, या खेळाचा प्राण प्याद्यांत आहे. कारण उघड आहे. हत्ती, उंट, घोडा, वजीर, फार काय राजासुद्धा चुकला तर मागे फिरतो. प्यादे तेवढे फिरत नाही.

आणखी एक गंमत बघा. प्यादे चालते सरळ, पण मारते तिरके. म्हणून त्याचा पहारा पुढच्या दोन तिरक्या घरांवर. ते एक घर सरकले की ती दोन घरे त्याच्या पहाऱ्यातून कायमची सुटतात. शेजारची प्यादीही पुढे गेलेली असली, तर तिथे शत्रूचा घोडा ठाण मांडून बसतो आणि त्याला हुसकायला आपल्याकडे प्यादे उरत नाही. प्याद्याने काय मिळवले ते लगेच दिसते. मागे काय उघडे पडले ते वीस चालींनी कळते.

लहानपणी धाकटे बंधू व आम्ही जुन्या देशी रीतीने खेळत असू. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर जाई. तो प्यादे ढकलायचा आणि लगेच म्हणायचा, "दादा, चाल परत." आम्ही कधी दिली नाही. पुढे वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्यावरून चारचौघांत आम्ही त्याला एक शब्द बोललो. शब्द खरा होता, हे आजही म्हणू. पण त्यानंतर त्याने आमचा उंबरा ओलांडला नाही.

मग बोलूच नये काय? तसेही नाही. या खेळात पाळी सोडता येत नाही. अखेरीस मोहरी थोडी उरली की, कुठलेही मोहरे हलवले तरी नुकसानच अशी वेळ येते. तेव्हा जाणत्याने राखून ठेवलेली प्याद्याची एखादी चाल कामी येते. आणि जागचे हललेच नाही ते प्यादे सहा घरे पार करून वजीर व्हायचे कसे?

कोणी म्हणेल, शास्त्रीबुवा, असा हिशेब करून सांगितलेले सत्य हा व्यवहार झाला. हिशेब आपल्या लाभाचा असेल तर झालाच. पण आपल्या पावलाने कोणाचे घर उघडे पडते हे पाहणे, ह्याला आम्ही व्यवहार म्हणणार नाही. त्या दिवशी आम्ही ते पाहिले नाही. तोच शब्द घरात, दोघांत बोलता आला असता.

असो. गेल्या दिवाळीत बंधूंचा नातू आला होता. पट मांडला. पोराने प्यादे ढकलले, जीभ चावली, आमच्याकडे पाहिले. आम्ही चाल परत दिली. नियमात बसत नाही, ठाऊक आहे. "घरी गेलास की आजोबांना सांग हो," एवढे म्हणालो.