परक्या गांवांत कोठें जेवावें?

मलेशियाच्या प्रवासाहून मी परत आल्यावर माझ्या एका सहाध्यापकांनीं मला एक साधा प्रश्न विचारला. ते सहकुटुंब त्याच देशीं जाणार होते, आणि त्यांच्या वाटेवर क्वाला तेरेंगानू हें समुद्रकांठचें शहर लागणार होतें. "तेथें आम्हीं कोठें जेवावें?" एवढेंच त्यांना हवें होतें. मला दोनतीन ठिकाणें चांगलीं ठाऊक होतीं. तरीहि "आठवून सांगतों" असें म्हणून मीं वेळ मारून नेली. घरीं येतांना माझें मलाच नवल वाटलें. आठवण्यासारखें कांहींच नव्हतें. सर्व कांहीं जिभेवर होतें. मग मीं तें लपविलें कां? खाण्याच्या जागेचा पत्ता सांगण्यांत नीतीचा प्रश्न कसला, असें वाचकांस वाटेल. मलाहि प्रथम तसेंच वाटलें होतें.

त्या शहराची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. मलायी भाषेंत 'क्वाला' म्हणजे नदीचें मुख. तेरेंगानू नदी जेथें दक्षिण चिनी समुद्रास मिळते तेथें हें शहर वसलें आहे. पश्चिम किनाऱ्यावरील मलाक्का आणि पिनांगचें जॉर्जटाउन यांना 2008 सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे. पूर्व किनाऱ्याकडे जे प्रवासी वळतात त्यांचे डोळे बहुधा रेडांगसारख्या बेटांकडे लागलेले असतात. शहर म्हणजे त्यांच्या लेखीं केवळ नावेची वाट पाहण्याचा धक्का. म्हणून आम्ही प्रवासी लोक या शहराला 'उपेक्षित' म्हणतों.

तेथें मी पहिल्या सकाळीं नदीकांठच्या पायांग बाजाराजवळ 'नासी डागांग' जेवलों. 'नासी' म्हणजे भात व 'डागांग' म्हणजे व्यापार. साधे व चिकट तांदूळ मिसळून नारळाच्या दुधांत वाफवितात. त्यांत लहान कांदे, आलें व मेथीचे दाणे घालतात. सोबत आपल्याकडील कुप्याच्या जातीच्या माशाचें कालवण असतें. हें सकाळचें खाणें. दहाच्या सुमारास पातेलें रिकामें झालें होतें. भातांतील मेथी पाहून मला घरची आठवण झाली. तिला मलायी भाषेंत 'हलबा' म्हणतात, आणि हा शब्द अरबी आहे. 'अस्सल स्थानिक' म्हणून मी जें शोधीत होतों तें असें समुद्रावरून येऊन तेथलें झालें होतें.

मीं चमचा मागितला. मग आजूबाजूस पाहिलें, तों शेजारचे एक वृद्ध गृहस्थ उजव्या हातानें स्वस्थपणें भात कालवीत होते. ज्याचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या हातानें जेवले त्यानें येथें येऊन चमचा मागावा, याची मला लाज वाटली. मीं चमचा बाजूस ठेवला. त्या गृहस्थांनीं कांहीं न बोलतां पाण्याचें भांडें माझ्याकडे सरकविलें.

आतां माझ्या लपवालपवीकडे येतों. कारण शोधूं लागलों तेव्हां प्रथम एक मोठें उदात्त कारण पुढें आलें. पत्ता फुटला कीं गर्दी लोटेल, जागेचें भाडें वाढेल, परक्यांच्या जिभेसाठीं तिखट कमी होईल, आणि अखेर त्या वृद्ध गृहस्थांनाच तेथें बसणें परवडणार नाहीं. अशीं उदाहरणें जगांत कमी नाहींत. तेव्हां मौन हाच उपकार, असें मन सांगूं लागलें.

परंतु त्याच वेळीं मला त्या दुकानाच्या मालकीणबाईंचें बोलणें आठवलें. निघतांना मीं त्यांना म्हटलें होतें, "तुमची ही जागा कोणाला न कळो." शेजारीं बसलेल्या एका कॉलेजच्या विद्यार्थ्यानें तें त्यांना भाषांतर करून सांगितलें. त्या हंसल्या आणि म्हणाल्या, "कां बरें? माझी मुलगी अजून शिकते आहे." त्या वेळीं मी हें विनोदांत घातलें. आतां तें मला बोंचलें. त्यांचें दुकान आडबाजूस राहावें यांत फायदा कोणाचा होता? माझा. मी जेथें गेलों तेथें दुसऱ्यानें जाऊं नये, ही ती इच्छा. परोपकाराचें वस्त्र तिनें मागाहून पांघरलें. शिवाय 'उपेक्षित' हा शब्दहि आमचाच. जें शहर रोज पहाटे आपल्या लोकांना जेवूं घालतें तें कोणी उपेक्षिलें? आम्हीं पाहिलें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ.

मग गर्दीचें भय खोटें काय? नाहीं. पण नाश केवळ माणसांच्या संख्येनें होत नाहीं. यजमानानें आपल्यासारखें व्हावें, ही जी पाहुण्याची मागणी, तिनें तो अधिक होतो. दहाला संपणारा भात बारालाहि मिळावा, मासा कमी वासाचा असावा, टेबलाशीं चमचा असावा. पैसे मोजले म्हणजे अशा मागण्यांचा हक्क येतो, असें आपण समजतों. पैशानें अन्नाची किंमत फिटते. पाहुणेपण मात्र फिटत नाहीं.

म्हणून मीं दुसऱ्या दिवशीं सहाध्यापकांना सर्व सांगितलें, पण थोड्या निराळ्या रीतीनें. पहाटे उठून बाजाराकडे जा, आणि जेथें कामावर निघालेले लोक बसले असतील तेथें बसा. नदीकांठच्या लोसोंग भागांत मासा व सागूचें पीठ मळून, त्याच्या लांब वळ्या उकडून 'केरोपोक लेकोर' करतात. तो गरम असतां तेथेंच खा. ईशान्येचा पावसाळा साधारण नोव्हेंबरांत सुरू होतो. त्या दिवसांत समुद्र खवळतो आणि होड्या कांठाला लागतात. तेव्हां ताजा मासा मिळाला नाहीं तर कुरकुर करूं नका. आपल्या कोंकणांतहि श्रावणापर्यंत तेंच. संध्याकाळीं चिनी वस्तींतील जुन्या पेठेंत फिरा. तेथील जुनीं चिनी घराणीं तेरेंगानूची मलायी बोली बोलतात, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांत माशांपासून आंबवून केलेलें 'बुडू' नांवाचें कालवणहि असतें. रमजानचा महिना असेल तर दिवसा दुकानें बंद दिसतील. संध्याकाळच्या बाजाराची सर्वांबरोबर वाट पाहा.

सहाध्यापकांनीं हें लक्ष देऊन ऐकलें व शेवटीं विचारलें, "पण त्या दुकानाचें नांव काय?"

मीं तेंहि सांगितलें. त्या बाईंची मुलगी अजून शिकते आहे.