रोग्यांसाठी चिठ्ठ्या टाकाव्यात काय?

सरकारी दवाखान्यात येणाऱ्या गरीब रोग्यांवर संशोधन करणे योग्य आहे काय? ज्याला दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही, त्याच्यावर प्रयोग करणे म्हणजे त्याच्या असहायपणाचा फायदा घेणे नव्हे काय? हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. तथापि त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

1956 साली मद्रास येथे (आजचे चेन्नई) भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून क्षयरोगाचे एक केंद्र काढले. त्या काळी क्षय म्हटला की सॅनिटोरियम, असाच समज होता. मोकळी हवा, विश्रांती, सकस आहार यांवाचून रोगी बरा होत नाही, असे मानीत. मिरजेजवळचे वानलेसवाडीचे सॅनिटोरियम आपल्या जुन्या वाचकांना ठाऊक असेलच. परंतु देशात रोगी लाखोंनी आणि खाटा फार थोड्या. उरलेल्यांनी काय करावे?

केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतले 193 रोगी घेतले. औषधे सर्वांना तीच, वर्षभर. मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने काहींना सॅनिटोरियमात ठेवले, काहींना घरीच. घरच्यांना वाऱ्यावर सोडले नाही. सेवक घरोघर जात, गोळ्या मोजीत, कुटुंबीयांचीही तपासणी होई. 1959 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर सॅनिटोरियमातील शेकडा 92 व घरच्या शेकडा 86 रोग्यांचा रोग शमला होता. घरच्यांचे अन्न निकृष्ट, जागा अपुरी, तरी एवढेच अंतर! पुढील पाहणीत त्यांच्या कुटुंबीयांना अधिक धोका झाल्याचेही दिसले नाही. लाखो रोग्यांना घरी राहून औषध घेण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली.

आता नीतीचा प्रश्न. सॅनिटोरियमच श्रेष्ठ हे सिद्ध झालेले असते, तर चिठ्ठी टाकून कोणाला घरी धाडणे अन्यायाचे ठरले असते. पण ते कोणालाच नक्की माहीत नव्हते. माहीत नसताना माहीत असल्याचा आव आणून उपचार करीत राहणे, हाही एक प्रयोगच होय. फरक इतकाच, की त्यातून कोणी काही शिकत नाही.

म्हणून सार्वजनिक आरोग्यसेवेत संशोधन व्हावे, परंतु अटींवर. वैद्यकीय संशोधन परिषदेने 1980 साली नैतिक तत्त्वे जाहीर केली. 2019 साली औषधचाचण्यांचे नवे नियम आले. त्यांत रोग्याची समजून घेऊन दिलेली संमती आवश्यक मानली आहे. कागदावर अंगठा उठला म्हणजे संमती मिळाली, असे नव्हे. काय माहीत नाही, धोका कोणता आणि नकार दिला तरी उपचार मिळतील ना, हे त्याला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे. आणि ज्यांनी धोका पत्करला, त्या वस्त्यांपर्यंत सिद्ध झालेले औषध आधी पोहोचले पाहिजे.

वाचकहो, आज आपण जी गोळी निःशंकपणे घेतो, ती कोणीतरी शंका असताना घेतली होती. असे कोणी आपल्या दाराशी विचारायला आले, तर आधी पुरते प्रश्न विचारावेत. समाधान झाले, तर आपणही पुढे व्हावे.