चित्र कोणाचे?

हान्स होल्बाइन या जर्मन चित्रकाराने १५२७ साली ओकच्या फळीवर सर थॉमस मोर यांचे व्यक्तिचित्र रंगविले. गळ्यात राजसेवेची सुवर्णसाखळी, बाह्यांवर तांबडी मखमल, हाती घडी घातलेला कागद आणि हनुवटीवर दाढीचे खुंट. राजाच्या मर्जीतल्या माणसाचे हे खुंट चित्रकाराने लपविले नाहीत, हे आम्हांला फार आवडते. आठ वर्षांनी, राजाला ख्रिस्तसभेचा प्रमुख मानण्यास नकार दिल्यामुळे, मोर यांचा शिरच्छेद झाला.

ह्यूथ या इंग्रज घराण्याकडे असलेले हे चित्र १९१२ साली हेन्री क्ले फ्रिक या अमेरिकन धनिकाकडे गेले. फ्रिक हे पूर्वी कार्नेगी पोलाद कंपनीचे अध्यक्ष. १८९२ साली होमस्टेडच्या मजुरांविरुद्ध त्यांनी सुमारे तीनशे भाडोत्री पहारेकरी धाडले. चकमकीत दोन्हीकडची माणसे मेली. पोप लिओ तेरावे यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक निघून तेव्हा जेमतेम वर्ष लोटले होते. त्यात खाजगी मालमत्तेचा हक्क मान्य केलेला आहे. पण पैसा जवळ असणे निराळे आणि तो मनास येईल तसा वापरणे निराळे, असेही बजावले आहे.

मग हुतात्म्याचे चित्र अशा पैशाने विटाळले काय? आम्हांला तसे वाटत नाही. फ्रिक यांना मिळाली ती फळी. त्या चेहऱ्यामागची सदसद्विवेकबुद्धी राजालाही विकत घेता आली नव्हती. परंतु 'अखेर चित्र सर्वांना पाहायला मिळाले ना?' हा युक्तिवादही आम्हांला पोकळ वाटतो. मजुराचे देणे मजुरालाच पोचावे लागते, चित्र दान करून ते फिटत नाही. हे लिहिताना आम्हांला आपल्या चर्चमधील बाके आठवतात. त्यांवरील देणगीदाराचे नाव आपण वाचतो, देणगी कुठून आली हे विचारीत नाही. तेथे गुडघे टेकणाऱ्याचा मात्र त्यात काही दोष नसतो.

फ्रिक १९१९ साली वारले. वाडा व संग्रह त्यांनी लोकांसाठी ठेवला होता. १९३५ च्या मे महिन्यात पोप पायस अकरावे यांनी मोर यांना संतपद दिले आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कच्या त्या वाड्याची दारे लोकांना उघडली. नूतनीकरणानंतर २०२५ साली ती पुन्हा उघडली आहेत. दिवाणखान्यात शेकोटीच्या एका बाजूस मोर, दुसऱ्या बाजूस त्यांच्या नाशाला हातभार लावणारा थॉमस क्रॉमवेल. तेही चित्र होल्बाइनचेच, फ्रिक यांनी १९१५ साली घेतलेले. दोघांच्या मध्ये एल ग्रेकोचे संत जेरोम. मोर यांच्यानंतर पाच वर्षांनी क्रॉमवेलचे मस्तकही त्याच राजाने उडविले.