शंभर श्रुती आणि एक निखारा

अग्नी थंड असतो किंवा तो उजेड देत नाही, असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण ठरणार नाही, असे शंकराचार्यांनी गीतेच्या अठराव्या अध्यायावरील भाष्यात स्वच्छ लिहून ठेवले आहे. हे कुणा चार्वाकाचे म्हणणे नव्हे. ब्रह्माचे ज्ञान श्रुतीवाचून होत नाही असे मानणाऱ्या आचार्याचे आहे. आज धर्मग्रंथ आणि विज्ञान यांच्यावर वाद सुरू झाला की एक बाजू ऋचांमधून गुरुत्वाकर्षण आणि अणू शोधून काढते आणि दुसरी बाजू पुराणांतला सपाट भूगोल दाखवून हसते. दोघांचे एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत असते: ग्रंथ ईश्वरी आहे की नाही, हे त्यातल्या सृष्टीविषयीच्या विधानांवरून ठरते. आपल्याकडे ही समजूत आज दिसते त्या रूपात फार जुनी नाही, आणि तिने सर्वांत मोठे नुकसान केले ते ग्रंथाच्या कैवाऱ्यांचेच, असे माझे म्हणणे आहे.

वेदप्रामाण्याची सर्वांत कडेकोट मांडणी केली ती मीमांसकांनी, आणि गंमत म्हणजे त्यांना त्यासाठी ईश्वराचीही गरज भासली नाही. वेद कुणीच रचलेले नाहीत, ईश्वरानेही नाहीत. रचणाराच नसल्याने रचणाऱ्याच्या चुका, लबाडी किंवा विस्मृती त्यांत शिरण्याची शक्यता नाही, अशी ही अपौरुषेयत्वाची कल्पना. पण या किल्ल्याची तटबंदी त्यांनी मुद्दाम लहान ठेवली. डोळ्यांना दिसते, अनुमानाने कळते, ते सांगणे हे वेदाचे काम नाही. दुसऱ्या कुठल्याही प्रमाणाने न कळणारा धर्म, म्हणजे काय करावे आणि काय टाळावे, एवढाच त्याचा विषय. झाडे यज्ञसत्राला बसली, प्रजापतीने आपलीच वपा (चरबी) उपटून होमात टाकली, अशी वाक्ये समोर आली तेव्हा शबरस्वामी आणि त्यांच्या परंपरेने ती खरी ठरवण्याचा खटाटोप केला नाही. तो अर्थवाद आहे, विधीची स्तुती आहे, असे सांगून ते पुढे गेले. विज्ञानाच्या धाकाने घेतलेली ही माघार आहे असे कुणी म्हणेल. पण हे लिहिले गेले तेव्हा दुर्बीण यायला हजाराहून अधिक वर्षे बाकी होती.

नैयायिकांनी वेगळी, अधिक धाडसी वाट धरली. वेद ईश्वराने सांगितले, तो आप्त म्हणजे विश्वासू वक्ता आहे, म्हणून ते प्रमाण. पण तो विश्वासू कशावरून? न्यायसूत्रांचे उत्तर असे की मंत्रांचा आणि आयुर्वेदाचा पडताळा येतो, तसेच हे. म्हणजे पडताळ्याचे दार त्यांनी स्वतःच उघडले. आणि त्याच ग्रंथात पूर्वपक्षाने नेमके त्या दारातून आत येऊन विचारले आहे: पुत्रकामेष्टी करूनही मूल झाले नाही, तर वेद खोटा नाही का? कर्म चुकले, कर्ता चुकला किंवा साधन चुकले, हे त्यावरचे उत्तर वाचताना आजच्या एखाद्या टीव्ही चर्चेची आठवण व्हावी. विधान खरे ठरले तर श्रेय ग्रंथाचे, खोटे ठरले तर दोष माणसाचा, अशी सोय एकदा करून ठेवली की पडताळा हा शब्द नावापुरताच उरतो.

जुन्या काळी सगळे आपापल्या हद्दीत गुण्यागोविंदाने नांदत होते, असे मात्र म्हणता येत नाही. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास ग्रहणाचे कारण छाया म्हणून सांगितले. ६२८ मध्ये ब्रह्मस्फुटसिद्धांत लिहिणारा ब्रह्मगुप्त स्वतः त्याच छायेने गणित करत होता. तरीही राहू नाकारणारे वेद-स्मृतींच्या बाहेर जातात, असा ठपका त्याने ठेवला. चारशे वर्षांनी अल्बेरुनीला हे वाचून चीड आली आणि कीवही आली. सॉक्रेटिसासारखी गत होऊ नये म्हणून या विद्वानाने मनाविरुद्ध लिहिले असावे, असा तर्क त्याने केला. पण या झगड्यातही एक गोष्ट नजरेत भरते. ब्रह्मगुप्त गणितासाठी राहूकडे गेला नाही, आणि छायेचे गणित जुळते म्हणून स्मृती ईश्वरी आहे असेही म्हणाला नाही.

ते म्हणण्याची वेळ आली एकोणिसाव्या शतकात. मिशनऱ्यांची टीका, इंग्रजी शाळा, आगगाडी, तारायंत्र असा चहूबाजूंनी मारा सुरू झाल्यावर दोन मार्ग निघाले. बंगालमध्ये देवेंद्रनाथ ठाकुरांच्या ब्राह्मसमाजाने १८५०च्या आसपास वेदांच्या निर्दोषत्वाचा आग्रह सोडला. १८६७ मध्ये मुंबईत निघालेल्या प्रार्थनासमाजानेही कुठलाच ग्रंथ प्रमादरहित मानला नाही. दुसरा मार्ग दयानंद सरस्वतींचा. १८७५च्या पावसाळ्यात पुण्यात त्यांची व्याख्याने झाली, त्याच वर्षी ‘सत्यार्थप्रकाश’ निघाला. ईश्वरी ग्रंथ सृष्टिनियमांशी जुळलाच पाहिजे, ही कसोटी त्यांनी घातली आणि ऋग्वेदाच्या भाष्यभूमिकेत तारविद्येवर आणि विमानविद्येवर प्रकरणे लिहिली. तारायंत्र भारतात येऊन तेव्हा वीसेक वर्षे उलटली होती. दयानंदांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका नाही; मूर्तिपूजेवर आणि जन्मजात उच्चनीचतेवर त्यांनी याच वेदांच्या जोरावर प्रहार केले. पण कसोटीचा दगड त्यांनी वेदाच्या हातून काढून भौतिकशास्त्राच्या हाती दिला, हे त्यांच्या अनुयायांच्या ध्यानात आले नाही. टिळकांचे आणखी वेगळे. ‘ओरायन’ मध्ये (१८९३) त्यांनी मृगशीर्षातल्या वसंतसंपातावरून ऋचांचा काळ काढला आणि १९०३च्या ‘आर्क्टिक होम’ मध्ये हिमयुगाच्या भूगर्भशास्त्राशी वैदिक परंपरेची सांगड घातली. वेदांचा गौरव करण्यासाठीच हे सारे झाले. पण ज्याला सनावळी लावता येते ते अनादी कसे, या प्रश्नाला त्या ग्रंथांतून वाटा फुटल्याच.

त्यानंतरचा प्रवास उताराचा आहे. सूर्याविषयीच्या एका ऋचेवर भाष्य करताना सायणाचार्यांनी अर्ध्या निमिषात २२०२ योजने असा वेग परंपरेतून उद्धृत केला. आज तो प्रकाशवेग म्हणून मिरवला जातो. हा आकडा ऋचेत नाही, चौदाव्या शतकातल्या भाष्यात आहे, आणि योजनाची लांबी ग्रंथागणिक बदलत असल्याने हवे ते उत्तर काढायला बरीच मोकळीक आहे. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या वैमानिकशास्त्राची १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी तपासणी केली: ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमाने उडू शकणारी नाहीत. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांचे ‘वैदिक गणित’ १९६५ मध्ये निघाले, तेव्हा त्यातली सूत्रे अथर्ववेदाच्या ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, हे संपादकांनी प्रस्तावनेतच मान्य केले होते. प्रस्तावना कोण वाचतो!

समजा, यांतला एखादा दावा खरा निघाला. तरी काय सिद्ध होते? मीमांसेचाच नियम लावू. जे दुसऱ्या प्रमाणाने कळते ते सांगणारे वाक्य हा अनुवाद, आणि अनुवादाला स्वतंत्र प्रामाण्य नसते. न कळलेले कळवील तेच प्रमाण. प्रकाशाचा वेग प्रयोगशाळेत मोजता येत असेल, तर तो सांगणारी ऋचा फार तर पुनरुक्ती ठरेल. म्हणजे वेदांत विज्ञान दाखवण्यात जितके यश येईल तितके मीमांसासूत्रकार जैमिनीच्या हिशेबाने वेदांचे महत्त्व कमी होईल. यावर असे म्हटले जाते की इतक्या प्राचीन काळी हे कळले, हाच दिव्य स्रोताचा पुरावा. पण शोध आधी लागतो आणि अर्थ मागाहून सापडतो, हा क्रम उलटा झाल्याचे उदाहरण कुणी दाखवलेले नाही. ऋचा वाचून आधी यंत्र बांधले आणि मग ते चालले, असे कधी घडले नाही. शिवाय विज्ञान आपली मते बदलते. त्याच्या आजच्या मताशी ऋचेची गाठ मारली की उद्या अर्थही बदलावा लागतो.

मग हद्द लहान ठेवणारा मीमांसक सुटला का? विज्ञानापासून सुटला. दिव्य प्रेरणा प्रयोगाने खोडता येत नाही, हे मला मान्य आहे. अर्थात ती प्रयोगाने सिद्धही होत नाही. त्याची खरी अडचण आली ती त्याच्या स्वतःच्या अंगणात. धर्म काय हे फक्त वेदच सांगू शकतो, हा दावा मोडला तो दुर्बिणीने नव्हे, न्यायबुद्धीने. जोतीराव फुल्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकाचा रोख तोच आहे: निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, सर्व मानवांचा असेल, तर त्याचे म्हणणे एका भाषेत, एका वर्णाच्या ताब्यात आणि बाकीच्यांना ऐकण्याचीही बंदी अशा रीतीने का यावे? अर्थवाद म्हणून बाजूला सारता येईल असा हा आक्षेप नाही. तो विधीलाच भिडतो.

तैत्तिरीय संहितेत बबर प्रावाहणी नावाच्या माणसाचा उल्लेख येतो. माणसाचे नाव आले म्हणजे ग्रंथ त्याच्यानंतरचा, हा धोका ओळखून मीमांसकांनी तोड काढली: हा माणूस नव्हेच, हा बबर आवाज करत वाहणारा वारा. ऋग्वेदातले कवी मात्र, कुशल कारागीर रथ घडवतो तसे आपण हे सूक्त घडवले, असे स्वतःच अनेकदा सांगतात. त्यांच्या त्या कबुलीजबाबाला कुठल्याही विज्ञानाची साक्ष लागत नाही. आणि बबराला पुन्हा माणूस होऊ द्यायलाही.