गोदावरीचे पावित्र्य कुठवर?

गोदावरीला तीर्थ मानणारी श्रद्धा घाटाच्या पायरीवर थांबते की पाणी जिथून येते त्या डोंगरापर्यंत पोहोचते, हा प्रश्न सोनपेठ तालुक्यात थेट जगण्याचा आहे. तालुक्यातील खडका येथे गोदावरीवर बंधारा आहे आणि तिथले पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. २०१३ साली पाण्याअभावी ते केंद्रच बंद ठेवावे लागले. जवळच्या गंगाखेडला, जनाबाईंच्या गावी, लोक या नदीला गंगाच म्हणतात. मात्र नदीच्या वरच्या अंगाला पैठणच्या जायकवाडी धरणात साठणारे बरेचसे पाणी मराठवाड्यात पडत नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडते.

परंपरेला याची जाण होती. गौतम ऋषींच्या तपाने गंगा ब्रह्मगिरीवर उतरली, अशी कथा आहे. त्र्यंबकेश्वरला स्नान कुशावर्ताच्या कुंडात होते, पण श्रावणात प्रदक्षिणा घातली जाते ती अख्ख्या ब्रह्मगिरीला. म्हणजे पूज्य ठरतो तो पुरा डोंगर. प्रवरा रतनगडावर उगम पावून प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. तिच्या उगमाकडे रतनवाडीत अमृतेश्वराचे देऊळ आहे. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. देवाची हद्द आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची हद्द इथे एकाच डोंगरावर आली आहे.

दोन्हींचा पाया मात्र वेगळा. देवाच्या हद्दीत, म्हणजे देवराईत, बहुधा उघड्यावरच शेंदूर लावलेला तांदळा असतो. वाऱ्याने पडलेली फांदीही सरपणाला उचलायची नाही. ती तिथेच कुजते, तिच्यावर अळंबी उगवतात, खालची माती भुसभुशीत होऊन पाणी धरते. रान देवाचे, म्हणून माणसाने त्याचा उपयोग विचारायचा नाही. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र नाहीशी होत चाललेली झाडे तिथे टिकलेली आढळली.

पण ही श्रद्धा फसूही शकते. देवळाच्या जीर्णोद्धारासाठी राई तोडल्याची उदाहरणे कोकणात आणि मावळात आहेत. देवाला सिमेंटचे छत मिळते आणि त्याचे रान जाते. देवाचे अस्तित्व मूर्तीपुरते मानले की हे घडते. म्हणून कायद्याची रेषा हवीच. तीही एकटी पुरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या रान राखणाऱ्या महादेव कोळी, ठाकर कुटुंबांना उपरे ठरवणारी रेषा अन्यायाची असते, आणि राखणारेच दुरावल्यावर ती राखणार कोण? २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंसाधनाचे रक्षण आणि व्यवस्थापन हा अशा समाजांचा हक्क मानला, हे म्हणूनच धर्माला धरून झाले.

वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले ‘संवर्धन राखीव’ हे यातले समंजस रूप आहे. त्यात रहिवाशांचे हक्क अबाधित राहतात आणि व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. त्र्यंबकजवळचा अंजनेरी डोंगर, हनुमंताचे जन्मस्थान म्हणून पुजला जाणारा, असाच राखीव आहे. सेरोपेजिया अंजनेरिका ही दुर्मिळ कंदीलपुष्पाची जात त्याच्याच नावाने ओळखली जाते. सोनपेठ, गंगाखेड तालुक्यांतील ग्रामसभांनीही उगमाकडच्या डोंगरांसाठी असे संरक्षण ठराव करून मागावे. गंगापूजनाइतकेच तेही त्यांचे कर्तव्य आहे.