शिवलेला हात आणि चालता हात

काचेने बोट कापून आतली कंडरा तुटली, तर सर्जन ती शिवून देतो. पुढचे तीन महिने त्या हाताचं काय करायचं, हे मात्र डिस्चार्जच्या कागदावर ‘फिजिओथेरपी घ्यावी’ एवढ्यात उरकलेलं असतं. ही ओळ मला फार अपुरी वाटते. शिवलेली कंडरा हलवली नाही तर आजूबाजूला चिकटते, जोराने हलवली तर टाका सुटतो. पहिले काही आठवडे तर ती फारच नाजूक असते. बोट कधी, किती आणि कुठल्या दिशेला हलवायचं, ही स्वतंत्र विद्या आहे.

ती विद्या ज्याच्याकडे आहे असा, हातावरच काम करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधायला हवा. हँड सर्जनला सरळ विचारावं, तुमचे पेशंट कुणाकडे जातात? थेरपिस्टला विचारावं, स्प्लिंट तुम्ही स्वतः बनवता का? हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. स्प्लिंटसाठी गरम पाण्यात मऊ झालेला थर्मोप्लास्टिकचा तुकडा थेरपिस्ट हातावर ठेवतो, मनगटाचा कोन साधतो आणि तुकडा कडक होईपर्यंत धरून बसतो. त्या दोन-चार मिनिटांत सूज कुठे आहे, कुठला सांधा अडतोय, हे त्याच्या बोटांना कळत असतं. दुकानातल्या तयार पट्ट्याला ते कसं कळावं?

खरं तर ही विद्या आपल्याकडे नवी नाही. अमेरिकेत जन्मलेल्या, लग्नाने निंबकर झालेल्या कमलाबाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू केली. माणसाला त्याच्या कामाकडे परत न्यायचं, हा या शास्त्राचा गाभा. म्हणून चांगला थेरपिस्ट आधी विचारतो, तुम्ही काय करता? शिंप्याला सुई धरायची असते, कुणाला भाकरी थापायची असते, तबलजीला तर बोटाबोटाचा हिशेब हवा असतो. मज्जातंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. स्पर्श परतू लागला की डोळे मिटून नाणं कुठलं, चावी कुठली, हे चाचपून ओळखण्याचा सराव चालतो.

तालुक्याच्या गावात असा थेरपिस्ट सहसा नसतो, आणि दर आठवड्याला पुण्या-मुंबईला येणं मजुरी बुडवून होत नाही. निदान ऑपरेशनची तारीख ठरते त्याच दिवशी थेरपिस्टचीही तारीख ठरवून मिळावी, एवढं तर रुग्णाने सर्जनकडे हक्काने मागावं.